मदत हवी आहे: मुलगी शिडाच्या बोटीने समुद्रात आणि तिचा किनाऱ्यावरचा संपर्क-माणूस मी, भुसावळात. रेडिओवरचं चेक-इन नेमकं कसं चालतं?

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

मुक्काम भुसावळ. माझा पाण्याशी संबंध हतनूरच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला जाण्यापुरता. पण प्रश्न समुद्राचा आहे आणि जाणकारांनी वेळ काढून उत्तर द्यावं ही विनंती.

धाकटी मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिथल्या मित्रमंडळींबरोबर ती शिडाची बोट चालवायला शिकली. आता जानेवारीत जोडून सुट्टी आली आहे, तेव्हा चौघं मिळून मांडव्याहून निघणार, शनिवारी रेवदंड्याच्या खाडीत मुक्काम आणि रविवारी मुरुड. बोट तिच्या मित्राची, पंचवीस फुटी, मागे लहान इंजिन. चौघांपैकी दोघांनी हा किनारा आधी केलेला आहे. जाऊ नको असं मी म्हणणार नाही. ती विचारपूर्वक वागणारी पोरगी आहे, आणि म्हणूनच तिने मला सांगितलं की पप्पा, आमचा किनाऱ्यावरचा संपर्क तुम्ही व्हा.

मला का, तर मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर आहे. गाडी एका स्टेशनातून सुटली की पुढचं स्टेशन ‘आली’ म्हणेपर्यंत ती माझ्या डोक्यात चालू असते. ठरल्या वेळात आली नाही तर मी वाट बघत बसत नाही, विचारायला लागतो. समुद्रात हे काम कोण करतं तेच मला कळत नाहीये. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ आहे, एक हातातला सेटही आहे. आमच्या गार्ड-ड्रायव्हरकडे ५ वॉटचे वॉकीटॉकी असतात, त्यामुळे बटण दाबून बोलणं, सोडून ऐकणं, निरोप परत म्हणून घेणं एवढं समजतं. पण ही पोरं रेडिओवर ‘आम्ही इथे आहोत’ असं कुणाला सांगणार? ते कुणी लिहून ठेवतं का? आणि पुढचा निरोप आला नाही तर तो माणूस स्वतःहून शोध सुरू करतो का?

दुसरं म्हणजे, निरोप चुकल्यावर मी किती वेळ थांबायचं? मिसेस म्हणते दर तासाला फोन झालाच पाहिजे. मुलगी म्हणते दिवसातून दोनदा. मला दोन्ही पटत नाही, पण मधलं काय धरावं ते सुचत नाही. थांबण्याची वेळ संपली तर भुसावळात बसून फोन कुणाला लावायचा आणि समोरच्याला नेमकं काय काय सांगायचं?

तिसरं, मेव्हण्याने कॅनडाहून उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र आणून द्यायची तयारी दाखवली आहे. ते बरोबर द्यावं का?

सोळा_नंबर

साहेब, जहाजावर रेडिओ सांभाळण्यात नोकरी गेली, म्हणून लिहितो.

तुमच्या पहिल्याच प्रश्नात सगळं आलं. आपल्या किनाऱ्यावर कोस्ट गार्ड, बंदरं आणि मोठी जहाजं चॅनल १६ ऐकत असतात. १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर तोच. पण ऐकणं वेगळं आणि वाट बघणं वेगळं. हौशी बोट निघाली, पोचली, मध्ये कुठे आहे, याची नोंद ठेवून तिची वाट बघणारं ‘कंट्रोल’ समुद्रात नाही. पोरांनी हाक मारली तर ऐकणारे आहेत. पोरं गप्प झाली तर ते लक्षात येणारा माणूस फक्त तुम्ही. तुमच्या मुलीने बरोबर माणूस निवडला आहे.

आता रेडिओ. व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत जातो, त्यामुळे वॉटपेक्षा अँटेनाची उंची महत्त्वाची. हातातला सेट ५-६ वॉटचा. दोन लहान बोटी एकमेकींशी बोलत असतील तर चार-पाच सागरी मैलांपुढे भरवसा नको. बोटीवरचा बसवलेला सेट २५ वॉटचा आणि अँटेना डोलकाठीच्या टोकाला असेल तर किनाऱ्यावरच्या उंच अँटेनापर्यंत वीस मैलांच्या आसपास सहज जातं. डोलकाठी पडली की तो सेट गेला, म्हणून हातातला सेट चार्ज करून, पाण्यापासून जपून आणि अंगाला बांधून ठेवायचा.

निघण्याआधी सेट चालतो का ते तपासायला १६ वर ‘रेडिओ चेक’ म्हणत बसू नये. तो हाक मारण्याचा आणि संकटाचा चॅनल आहे. दुसऱ्या बोटीशी ठरवून वेगळ्या कामाच्या चॅनलवर १ वॉटवर तपासावं. कुणाला १६ वर हाक मारलीच तर आधी ऐकायचं, चॅनल मोकळा आहे ना ते बघायचं. मग ज्याला बोलवायचं त्याचं नाव, आपलं नाव, ‘ओव्हर’. उत्तर आलं की तो सांगेल त्या चॅनलवर जायचं आणि तिथे जागा, माणसं किती, पुढे कुठे, किती वाजता, एवढं सांगून मोकळं व्हायचं.

संकटाचा क्रम मात्र चौघांनाही तोंडपाठ पाहिजे, कारण पाण्यात पडणारा माणूस नेमका रेडिओ येणाराच असू शकतो. सेटला डीएससी, म्हणजे एका बटणावर संकटाचा संदेश पाठवायची सोय असेल तर झाकणाखालचं लाल बटण पाचेक सेकंद दाबून धरायचं. तो संदेश चॅनल ७० वरून आपोआप जातो. लगेच १६ वर यायचं: मेडे, मेडे, मेडे, धिस इज, बोटीचं नाव तीनदा. पुन्हा एकदा मेडे आणि नाव. मग जागा, काय झालं, कसली मदत हवी, माणसं किती, ओव्हर. बटण सोडून ऐकायचं. जागा सगळ्यात आधी, कारण मध्येच सेट बंद पडला तर निदान कुठे यायचं ते कळलेलं असतं. जीव धोक्यात नाही पण अडचण आहे, म्हणजे इंजिन बंद पडलं आणि वारा नाही, तर मेडे नाही. तिथे ‘पॅन-पॅन’ तीनदा.

मित्राला दोन गोष्टी स्पष्ट विचारा. सेटला दूरसंचार विभागाचा परवाना आहे का? आणि सेटमध्ये बोटीचा ९ आकडी एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरचा ओळख-क्रमांक भरलाय का, जीपीएस जोडलाय का? भारतीय क्रमांक ४१९ ने सुरू होतात. क्रमांक नसेल तर लाल बटण उपयोगाचं नाही, आणि जीपीएस जोडलेला नसेल तर संकट कळेल पण जागा कळणार नाही. किती तरी बोटींवर ती एक वायर जोडायची राहिलेली असते.

मेव्हण्यांचं यंत्र आणू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेजचं यंत्र बाळगणं बेकायदा आहे आणि परदेशी पर्यटकांना विमानतळावर त्यावरून ताब्यात घेतलेलं आहे. किनाऱ्यावर तर २००८ नंतर नजर जास्तच कडक आहे.

खाडीकाठ

काका, मी अलिबाग तालुक्यातली, आमच्या घरी दोन होड्या आहेत. रेडिओचं वर छान आलंय, मी पाण्याचं सांगते.

खांदेरीच्या आसपास मुंबई बंदराच्या तोंडाशी मोठ्या जहाजांची ये-जा असते. त्यांना पटकन थांबता किंवा वळता येत नाही. आपण लांब राहायचं. त्याहून जास्त त्रास जाळ्यांचा. आमच्याकडे डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात, वर फक्त बोये दिसतात. पंख्यात दोर गुंतला की इंजिन गेलं. उजेड असेल तोवरच चाला असं मी म्हणते ते यासाठी. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या पुढेमागे बुडतो. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा असतो, दुपारनंतर वायव्येकडून जोर धरतो. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर पडत असताना समोरून हा वारा आला की रेवदंड्याच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. तिथे चढत्या भरतीला शिरावं.

भरतीचा आमचा जुना हिशेब, तिथीची पाऊणपट. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. हा अंदाज झाला, छापील कोष्टक बघायचंच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीकडे भांग म्हणजे लहान. तुमचे दिवस कुठले ते सांगा. हवेसाठी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेचं ‘समुद्र’ ॲप आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा बघायला सांगा. मच्छीमारांना जाऊ नका म्हटलं असेल तर पोरांनीही जायचं नाही, सुट्टी वाया गेली तरी.

आणि लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नाही. बोट उलटली तर बोटीला धरून राहायचं. किनारा जवळ वाटतो म्हणून पोहत निघणारा माणूस शोधायला फार अवघड जातो.

सातपुड्याखाली

भाऊ, मी शहाद्याचा. आपल्या खान्देशात समुद्र नाही म्हणून हा विषय आपला नाही असं कुणी समजू नये, म्हणून लिहितो. धडगाव-अक्कलकुव्याकडे सरदार सरोवराचं पाणी आहे, तिथली कित्येक गावं बोटीवरच अवलंबून. दवाखानासुद्धा तरंगता. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीला भूषाजवळ माणसांनी भरलेली बोट उलटली, माणसं गेली. तिथे चॅनल १६ नाही, कोस्ट गार्ड नाही, बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. त्या पट्ट्यात कामानिमित्त जातो तेव्हा आम्ही एकच करतो. काठावरच्या एका माणसाकडे चिठ्ठी: कोण कोण बोटीत, कुठे जाणार, किती वाजता परत. परत आल्यावर आधी त्याला भेटायचं, मग चहा. ‘परत आलो’ सांगायला विसरणाऱ्याला आम्ही पुन्हा बोटीत घेत नाही. तुमच्या पोरीला हे सांगा भो, पोचल्याचा निरोप विसरला तर शोधाला निघणाऱ्यांचा जीव फुकट धोक्यात जातो.

तापीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. मेव्हण्याला नको म्हणून कळवलं. जीपीएसची वायर खरंच जोडलेली नव्हती, मित्र आता जोडून घेतोय. परवाना आणि क्रमांक दोन्ही आहेत.

शनिवारी पंचांगात शुद्ध षष्ठी आहे, रविवारी रथसप्तमी. मांडव्याहून साडेनऊला निघून तीनपर्यंत रेवदंडा, असं पोरं म्हणतात. मी असं ठरवलंय: निघताना एक मेसेज, खांदेरी ओलांडल्यावर एक, अलिबागसमोर एक, नांगर टाकल्यावर फोन. मधले दोन चुकले तर फक्त नोंद करीन, कारण रेंज नसेल किंवा हात शिडाला असतील. मिसेसलाही हे पटलं. नांगर टाकल्याचा फोन मात्र तीनला नाही आला तर साडेतीनला चौघांचे फोन, मग रेवदंड्यात ओळखीच्यांना जेट्टीवर पाठवायचं. त्यानंतर पुढचा फोन किती वाजता आणि कुठे?

सोळा_नंबर

साहेब, शोध आणि बचावात तीन पायऱ्या मानतात: अनिश्चितता, सावधानता, संकट. बोट वेळेत आली नाही ही पहिली पायरी, आणि कळवायला ती पुरेशी आहे. खात्री होईपर्यंत थांबायची गरज नाही. सूर्यास्ताला दीड-दोन तास शिल्लक असताना कळवलं तर उजेडात शोधता येतं, म्हणून तुमची वेळ साडेचार. त्याच्या पुढे ढकलू नका. नंतर पोरं सुखरूप सापडली तर लगेच तसं कळवायचं, एवढंच.

कोस्ट गार्डचा टोल फ्री १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. पण तुम्ही भुसावळहून लावणार, तो कुठल्या केंद्राला जोडला जातो यावर विसंबू नका. एमआरसीसी मुंबई, म्हणजे कोस्ट गार्डचं शोध-बचाव समन्वय केंद्र, त्याचा थेट नंबर कोस्ट गार्डच्या संकेतस्थळावरून आजच उतरवून घ्या. काही जुळलं नाही तर ११२.

समोरचा काय विचारेल ते आधीच एका कागदावर असू द्या: बोटीचं नाव, लांबी, बुडाचा आणि शिडाचा रंग, एमएमएसआय, बोटीचा ताजा फोटो, चौघांची नावं, वयं, मोबाइल, कुणाला औषध चालू आहे का, लाइफ जॅकेट किती आणि कुठल्या रंगाचे, मदतीच्या इशाऱ्यासाठी पेटवायचे लाल फ्लेअर आहेत का, पाणी आणि इंधन किती, ठरलेला रस्ता आणि वारा पडला तर शिरायची पर्यायी जागा. शेवटची खात्रीची जागा आणि वेळ सगळ्यात वर. तुमचे मधले दोन मेसेज इथे कामाला येतात, सबंध किनारा न शोधता अलिबागच्या खालून शोध सुरू करता येतो. म्हणून प्रत्येक मेसेजमध्ये अक्षांश-रेखांश हवेत, ‘सगळं छान’ नको.

खाडीकाठ

षष्ठी म्हणजे साडेचारला पूर्ण भरती, तीनला पाणी चढतं असेल. शिरायला चांगली वेळ आहे काका. सकाळी निघतानाही भांगाकडचे दिवस असल्यामुळे ओढ फार नसेल. रविवारी सप्तमी, म्हणजे मुरुडला सव्वापाचच्या आसपास. तिथेही तीन-साडेतीनलाच पोचायला सांगा आणि राजपुरी खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याला फार खेटून जाऊ नका म्हणावं, किल्ल्याभोवती खडक आहेत.

तापीकाठ (धागाकर्ता)

साडेचार पक्कं. थेट नंबर उतरवला. कागद तयार करतोय, त्याची एक प्रत मिसेसकडे आणि एक मुलीच्या मित्राच्या वडिलांकडे पुण्याला देणार, म्हणजे मला नेमकी ड्यूटी लागली तरी फोन करणारं कुणीतरी असेल. शिडाचा रंग विचारला तर पांढरा सांगतात. तो लांबून ओळखू येईल का, की वर नारिंगी कापडाचा पट्टा शिवून घ्यायला सांगू?

खाडीकाठ

शिवून घ्या. आणि तेवढंच कापड बोटीत वेगळंही ठेवा, डेकवर पसरलं की वरून हेलिकॉप्टरला दिसतं.