युगांडातल्या खेड्यातल्या मिशन शाळेत सेवेला जाताना: कामाचे अनुभव

सर्वांना सलाम. आपल्या मंडळ्यांमधून पूर्व युगांडात, सोरोटी-कुमीच्या बाजूला, दोन-तीन आठवड्यांच्या सेवेला जाणारे गट वाढताहेत. तिथल्या कितीतरी प्राथमिक शाळा चर्चनं सुरू केलेल्या, पण आता सरकारी अनुदानावर चालतात. ज्यांनी तिथं काम केलंय त्यांनी फक्त कामाचं लिहावं: काय न्यावं, काय कसं करावं, कुठं फसतं. आपली साक्ष उपासनेत सांगूच.

शिक्षिका, प्राथमिक

आधी तारखा बघा. शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं. शिकवायचं असेल तर जून-जुलै बरा. सप्टेंबरनंतर सातवीची मुलं सार्वत्रिक परीक्षेच्या तयारीत असतात, तेव्हा त्यांच्या तासिका मागू नयेत.

पहिली ते तिसरी स्थानिक भाषेत शिकवतात, या भागात आतेसोत. चौथीपासून इंग्रजी. म्हणून चौथीचा वर्ग सगळ्यात अडलेला असतो आणि मदत तिथंच लागते. वर्गात 80-100 मुलं असणं नेहमीचंच. 30 मुलांसाठी आखलेला खेळ तिथं पाच मिनिटांत कोलमडतो. वर्ग त्यांच्या शिक्षकाकडेच राहू द्या. तुम्ही मागच्या बाकांवरच्या दहा-बारा मुलांना घेऊन वाचन करा.

वर्गातले काळे फळे रंगवायचं काम सोपं वाटतं, पण ते हमखास बिघडतं. एक लिटर ब्लॅकबोर्ड पेंटमध्ये साधारण 10 चौरस मीटरला एक हात बसतो. आठ फूट बाय चार फुटांचे तीन फळे, दोन हात, म्हणजे दोन लिटर धरा. जुना फळा पॉलिश पेपरनं घासून धूळ ओल्या फडक्यानं काढायची, दोन हातांच्या मध्ये एक रात्र जाऊ द्यायची. रंग पक्का वाळला की लगेच लिहायचं नाही. खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्यानं पुसायचा. हे चुकलं तर पहिल्या दिवशी लिहिलेली अक्षरं फळ्यात बसतात आणि पुढं वर्षभर पुसट दिसत राहतात.

हापसा दुरुस्ती करणारा, जालना

शाळेच्या आवारातला हापसा बघून आपल्या माणसाला घरचं वाटेल, आणि त्याला कारण आहे. 1960 च्या दशकात जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी हातपंप घडला, सोलापूरला तो सुधारला, आणि त्यावरून 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू तयार झाला. युगांडात त्याच घडणीच्या पंपाला यू-टू म्हणतात.

उघडायच्या आधी हापसून बघा. नीट चालणाऱ्या पंपातून 40 हिसक्यांत साधारण 15 लिटर पाणी यायला हवं. 10 लिटरच्या खाली आलं तर बहुधा सिलिंडरमधले वायसर झिजलेत. अर्धा तास थांबून पुन्हा हापसा. पाणी यायला बरेच हिसके लागले तर खालचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा जोड गळतोय. दांडा एकदम हलका झाला आणि पाणीच नाही, तर रॉड तुटला किंवा सुटला. दांडा आडवा डुलतोय तर बेअरिंग गेलं.

30 मीटर खोल बसवलेला पंप म्हणजे तीन-तीन मीटरचे 10 पाइप. रॉड आणि पाणी धरून वजन शंभर किलोच्या बरंच वर जातं. चिमटा (क्लॅम्प) आणि उचलायची अवजारं नसतील तर हात लावू नका. पाइप निसटून बोअरमध्ये गेला तर अख्ख्या गावाचं पाणी तुटतं. सकाळचं पहिलं पाणी तांबडं येत असेल तर पाइप गंजतोय, भूजल आम्लधर्मी असलं की जस्ताचा थर टिकत नाही. तिथं वायसर बदलून भागत नाही, स्टेनलेस स्टीलचे पाइप लागतात.

सुटे भाग इथून भरून नेण्यापेक्षा तिथल्या तालुक्याच्या पंप मेकॅनिकला बोलावून, त्याची मजुरी देऊन, त्याच्या हाताखाली काम करा. परत बिघडला की गाव त्यालाच हाक मारणार.

परिचारिका

पीतज्वराची (यलो फिव्हर) लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी. पिवळं कार्ड, म्हणजे या लसीचा दाखला, युगांडात शिरताना लागतंच, आणि ते नसेल तर परत आल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मलेरियासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं असेल तर परतल्यावरही चार आठवडे घ्यायचं. बहुतेक जण घरी पोचले की गोळ्या सोडतात, मग ताप इथं येतो. ताप आलाच तर डॉक्टरांना आफ्रिकेचा प्रवास आधी सांगा.

बाहेर वाळवलेले कपडे इस्त्री केल्याशिवाय घालू नयेत, आतले कपडे तर नाहीच. मँगो माशीची अंडी ओलसर कापडावर असतात, अळी कातडीत शिरते.

मोठ्या मुलींसाठी कापडी पॅड नेणार असाल तर त्याआधी शाळेत दोन गोष्टी बघा: आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आणि तिथं पाणी. डाग गार पाण्यात भिजवायचा, गरम पाण्यानं तो पक्का होतो. वाळवणं उन्हातच हवं. लाजेनं गादीखाली वाळवलेलं पॅड दमट राहतं, म्हणून आडोशाची एक दोरी बांधून द्या. हे बोलणं तिथल्या शिक्षिकेनं करावं.

स्वयंपाकघरात मदत करणारी

मुलांच्या खाण्याबद्दल थोडी भर. सकाळची मक्याची पेज हेच कित्येक मुलांचं पहिलं खाणं असतं. मुलामागे 50 ग्रॅम पीठ धरलं तर 300 मुलांना 15 किलो पीठ आणि 90 लिटर पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवून मगच उकळत्या पाण्यात सोडायचं, कोरडं टाकलं की गोळे होतात आणि आत कच्चं राहतं. पोती लाकडी फळ्यांवर ठेवायची, भिंतीपासून हातभर लांब. दमट मक्यावर येणारी बुरशी विषारी असते आणि शिजवून ते विष जात नाही, वास आलेलं पोतं चाळून वापरायचा मोह नको. गोळ्या-चॉकलेटचे पैसे सरपण आणि साखरेला द्या.

पाळक

सकाळच्या प्रार्थनेला शाळेची स्वतःची पद्धत असते, ती त्यांनाच चालवू द्यावी. अनुदानित शाळेत मुस्लिम मुलंही बसतात. पालकांच्या परवानगीशिवाय कुठल्याही मुलाला वेगळ्या सभेला नेऊ नये. मुलाबरोबर एकट्यानं खोलीत थांबू नये, नेहमी दोन मोठी माणसं. निघण्याआधी प्रत्येकानं पोलीस पडताळणीचा दाखला काढावा, शाळेनं मागितला नसला तरी. फोटो मुख्याध्यापकांना विचारून, मुलाचं नाव आणि गाव न लिहिता.

देणगी हातात देऊ नका, मुलाला नाही आणि शिक्षकालाही नाही. शाळा व्यवस्थापन समितीसमोर नोंदवहीत लिहून द्या: वस्तू, नग, तारीख, दोन सह्या. नोंद नसली की तुम्ही निघून गेल्यावर संशय मुख्याध्यापकांवर येतो, आणि त्यांना त्याच गावात राहायचं असतं.