जेलमधून सुटलेल्याला आधी भजन की आधी काम?

बर्डीकर
वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहातून माणूस सुटतो तेव्हा हातात कपड्यांची पिशवी असते, न्यायला बऱ्याचदा कोणीच नसतं. अशाच्या मागे वर्षभर कोणी तरी उभं राहायला हवं. नागपुरात तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थना होतात, बुद्धविहारं आहेत, ताजबागचा दर्गा आहे, चर्च आहेत. प्रत्येकानं दोन माणसं सांभाळली तरी पुष्कळ झालं. १९६० मध्ये चंबळच्या दरोडेखोरांनी बंदुका टाकल्या त्या विनोबांपुढे, हे विसरू नका.

नास्तिक_धरमपेठ
बंदूक टाकणं एका दिवसाचं काम. खोलीभाडं दर महिन्याला येतं. अमेरिकेत आयोवा राज्याच्या तुरुंगात बायबलवर बेतलेला पुनर्वसनाचा कार्यक्रम सरकारी पैशावर चालायचा. २००६ मध्ये कोर्टानं तो घटनाबाह्य ठरवला. त्यात गेलेल्यांना सोयी बऱ्या मिळत, पण ज्याची ती श्रद्धा नाही त्यानं जायचं कसं?

बुटीबोरीवाला
अरे भाऊ, आयोवा कुठं अन् बुटीबोरी कुठं! इथं सरकार कोणाले पैसा देऊन राहिलं? ठेकेदार पयले पोलीस व्हेरिफिकेशन मागते. तिथं विहारातला एखादा काका म्हणला, 'पोरगा आपला आहे, जबाबदारी माही', तं गोदामात लागते तो. वळख लागते राजा, अन् गरिबाची वळख तिथंच असते.

वकीलताई
ओळख जरूर द्या, बदल्यात माळ घालायला लावू नका. माझ्या एका पक्षकाराला एका आश्रमात खोली मिळाली होती. रात्रपाळी करून आला, पहाटेच्या काकड्याला उठला नाही, तर सामान बाहेर. आणखी एक, आपल्या देशातल्या जेलांमध्ये चारातले जवळपास तीन कच्चे कैदी असतात. गुन्हा शाबीतच नाही, त्यांना पश्चात्ताप कसला शिकवता?

बर्डीकर
कच्च्या कैद्यांचं मान्य. सामान बाहेर काढलं ते चूकच. पण ज्याला आतमध्ये नामस्मरणानं झोप लागायची, त्याला 'ते सोड, आधी समुपदेशकाकडे जा' म्हणणं हीसुद्धा सक्तीच की.

वकीलताई
कोणी सोडायला सांगितलं? करू दे नामस्मरण. माझा प्रश्न खोलीचा आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची म्हटली की घरमालक पाय मागे घेतात. तुमच्या मंडळातलं कोणी स्वतःच्या नावावर करार करून देईल का? असेल तर कळवा. एक जण पुढच्या आठवड्यात सुटतोय, आणि तो देव मानत नाही.