विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांवरचा ताण नेमका कशातून येतो?

प्रश्न : शिक्षिका, लातूर
आमच्याकडून पदवी घेऊन पुण्याला एम.एस्सी.साठी गेलेली मुले सुट्टीत भेटतात, तेव्हा त्यांच्यात पूर्वीचा मोकळेपणा दिसत नाही. अभ्यास झेपत नाही अशी त्यांची तक्रार नसते. पण झोप लागत नाही, असे बरेच जण सांगतात. ताणतणाव व्यवस्थापनावर आम्ही व्याख्याने ठेवतो, तरी मूळ कारण आमच्या हाती लागलेले नाही असे वाटते. अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : विद्यार्थी, पुणे
मॅडम, माझ्यापुरते सांगायचे तर पैसे किती मिळणार यापेक्षा ते कधी मिळणार हे न कळणे अधिक जाचक असते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे आणि पुण्यामुंबईसारख्या शहरांत तिची रक्कम भोजन, निवास व निर्वाह भत्ता मिळून वर्षाला ६०,००० रुपये होते. ही मदत मोलाचीच आहे. परंतु कॉट बेसिसवरच्या, म्हणजे एका खाटेपुरत्या घेतलेल्या, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच भरावे लागतात, हप्ता मात्र उशिरा जमा होतो. मधल्या काळात मित्रांकडून उसने घ्यावे लागतात. घरी विचारावे तर वडिलांनी सोयाबीन कोणत्या भावाने विकले, हे आधीच ठाऊक असते. अशा वेळी समोर पुस्तक उघडे असले तरी डोक्यात हिशेबच चालू असतो.

उत्तर : माजी विद्यार्थिनी, मुंबई
यात निकालाची अनिश्चितताही धरावी. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची तपासणी संगणकावर सुरू केली आणि निकाल कित्येक महिने रखडले. पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी असणाऱ्यांची त्या काळात फार कुचंबणा झाली. नापास झालेला विद्यार्थी निदान पुन्हा तयारीला लागतो, निकालच न लागलेल्याला काय करावे हे ठरवता येत नाही. एटीकेटी असलेल्यांची अवस्था तर आणखी कठीण होते.

उत्तर : समुपदेशक, नाशिक
वरील दोन्ही कारणे मला पटतात. तरीही झोप बरेच दिवस उडाली असेल, तर पैसे येण्याची वाट पाहत बसू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. पुढील वर्षी बाहेर जाणाऱ्या मुलांचे उत्पन्नाचे व जातीचे दाखले आम्ही मे महिन्यातच तयार करून घेऊ, म्हणजे निदान कागदपत्रांअभावी अर्ज अडकणार नाहीत.