मदत हवी आहे : वीरगळांवरचा ऑइलपेंट आणि नवा जोता

नमस्कार मंडळी. देवळामागच्या काळ्या मातीत कलंडलेले 11 वीरगळ नव्या दगडी जोत्यावर उभे करायचे आहेत, वर चारी बाजूंनी उघडं छप्पर. लढाईत पडलेल्यांची ही स्मारकं आहेत, म्हणून घाई करायची नाही. सर्वांत मोठा दगड 150 × 45 × 25 सेंमी, म्हणजे बेसॉल्टच्या हिशेबाने पावणेपाचशे किलोच्या आसपास. उचलायला तिपाई, चेनपुली आणि रुंद पट्टे. तार लावली की कोरीवकामाच्या कडा उडतात.

काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि दगड पुन्हा कलंडतो. त्यामुळे ती मीटरभर काढून मुरूम भरणार : 15 सेंमीचा थर, पाणी, मग धुम्मसाने ठोकणं. जोत्याचे सांधे चुन्यात, 1 चुना, 1 सुरखी (विटांची भुकटी), 2 वाळू. सिमेंट नकोच. त्यातले क्षार दगडात चढतात, पापुद्रे सुटतात.

अडलंय ते इथे. तीन वीरगळांवर ऑइलपेंटचे जाड थर आहेत. खालच्या चौकटीतला ढाल-तलवारवाला वीर ओळखू येतो, पण वरचं शिवलिंग आणि चंद्रसूर्य रंगाखाली पार बुजलेत. मुलतानी मातीचा लेप देऊन असा रंग कोणी काढलाय का? लेपात द्रावण कोणतं, तो किती तास ठेवला, दगडावर डाग राहिला का? ॲसिड आणि वायरब्रश कृपया सुचवू नका.

दुसरं, प्रत्येक दगडाच्या तळाचा एक तृतीयांश भाग जोत्यातल्या खोबणीत जाईल. तिथे चुना भरावा की नुसती वाळू ठासावी? वाळूत दगड पुढे सुखरूप काढता येतो, पण पाणी मुरायची भीती वाटते.