विमानं नवी घ्यायची आणि माणूस चार वर्षांपुरता ठेवायचा, हे जुळतं का?

खाडीकाठचा (ऐरोली)

भाचा बारावी सायन्सला आहे, अग्निवीरवायूचा, म्हणजे हवाईदलातल्या चार वर्षांच्या भरतीचा, फॉर्म भरतोय. घरात दोन तट पडलेत, पण तो वाद इथे आणत नाही. त्या निमित्ताने वाचायला लागलो आणि एक गोष्ट खटकली, ती मांडतो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन (तुकड्या) ४२, उरल्या २९. त्यानंतर वर्तमानपत्र उघडा, टीव्ही लावा, सगळीकडे एकच हिशेब. तेजस मार्क-१ए आधी ८३ सांगितली, मग आणखी ९७. राफेल ३६ आली, अजून ११४ लढाऊ विमानं घ्यायची म्हणून २०१८ पासून कागद फिरतायत. विमानं मोजणारे भरपूर. त्या विमानाच्या पोटाखाली उताणा पडून काम करणारा माणूस कोण मोजतंय?

पूर्वी एअरमन, म्हणजे हवाईदलातला अधिकारी नसलेला जवान, भरती व्हायचा तो वीस वर्षांच्या कराराने. जून २०२२ ला अग्निवीर योजना आली, त्यानंतर चार वर्षं, आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम. म्हणजे यंत्र जितकं गुंतागुंतीचं होत चाललंय, तितका ते सांभाळणारा हात कच्चा ठेवायचा. माझ्या मते आधुनिकीकरणाच्या नावाखाली आपण अर्धंच काम करतोय, आणि उरलेलं अर्धं उलट्या दिशेने चाललंय. कुणाला वेगळं वाटत असेल तर मुद्द्यावर बोला. देशभक्तीची सर्टिफिकेटं वाटू नका.

घोडबंदरवाला

मुद्द्यावरच बोलतो. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी. त्यातले पेन्शनला १.६० लाख कोटी. नवीन विमानं, जहाजं, तोफा, सगळं मिळून भांडवली खर्च १.८० लाख कोटी. त्या वर्षी पेन्शन आणि खरेदी जवळजवळ बरोबरीला आले. आता सांगा, तेजस कुठून आणायची? माणूस वीस वर्षं ठेवायचा, मग चाळीस वर्षं पेन्शन द्यायची, वर विमानंही हवीत. हातात येतं तेवढ्यात घर चालवावं लागतं.

दुसरं म्हणजे तुमच्या डोक्यात अजून मिगच आहे. जुन्या विमानाला जुना जाणता मेकॅनिक लागायचा, कारण बिघाड कानाने ओळखावा लागायचा. आताचं विमान स्वतःच सांगतं काय बिघडलंय. बिघडलेल्या भागाचा डबा काढा, दुसरा डबा लावा, बिघडलेला डेपोला पाठवा. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा लॅपटॉपवर हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर शिकतो. ७ मे २०२५ नंतरचे, ऑपरेशन सिंदूरचे, चार दिवस आठवा. एस-४०० आणि आकाश क्षेपणास्त्रं, रडारची साखळी. ती लढाई स्क्रीनसमोर बसणाऱ्यांची होती. तिथे तरुण डोळे आणि तरुण बोटंच हवीत.

खाडीकाठचा (ऐरोली)

पेन्शनचा आकडा बरोबर, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा. ते १.६० लाख कोटी पूर्वी निवृत्त झालेल्यांचं आहे. ते अग्निवीरमुळे एका रुपयाने कमी होत नाही. २०२२ ला भरती झालेला मुलगा जुन्या कराराने २०४२ च्या आसपास पेन्शनला लागला असता. म्हणजे बचत सुरू होणार ती तेव्हा. तेजसचं बिल आज आहे. २०४२ ची बचत २०२६ च्या खरेदीला कशी वापरता, ते समजावून सांगा.

निवृत्त सार्जंट (कळवा)

मी एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा. सांब्र्याला बेसिक ट्रेनिंग, तांबरमला ट्रेडचं (कामाच्या शाखेचं), मग मिग-२१ ची स्क्वाड्रन. शेवटची काही वर्षं नाशिकजवळ ओझरला ११ बीआरडीत, म्हणजे दुरुस्ती डेपोत. दोघांचंही वाचलं. दोघंही थोडे बरोबर आहेत, पण हँगर दोघांनीही पाहिलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घोडबंदरवाल्यांच्या बाजूचं. स्क्वाड्रनमधलं निम्मं काम खरंच पोरांचं असतं. मिग उतरलं की वेग कमी करायला मागे टेल चूट, म्हणजे पॅराशूट, उघडायचा. रनवेच्या टोकाला विमान तो टाकून द्यायचं, आणि पोरांनी धावत जाऊन तो गोळा करून आणायचा. चाकं, ब्रेक, इंधन, ऑक्सिजन, काच पुसणं. पहाटे सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून टारमॅकवर खाली बघत चालायचं, खडा दिसला खडा उचल, तारेचा तुकडा दिसला तुकडा उचल, कारण इंजिन तो गिळतं. या कामाला वीस वर्षांचा अनुभव लागत नाही. लागतात गुडघे. माझे आता राहिले नाहीत.

आता दुसरी बाजू. प्रत्येक विमानाची एक वही असते, फॉर्म ७००. केलेलं प्रत्येक काम त्यात लिहायचं आणि खाली सही. पायलट विमानात चढायच्या आधी ती वही बघतो आणि स्वतः सही करून विमान ताब्यात घेतो. तो तुमचं तोंड बघत नाही, सही बघतो. ही सही करायचा अधिकार पहिल्या दिवशी मिळत नाही. आधी कुणाच्या तरी हाताखाली काम, मग परीक्षा, मग अमुक कामापुरता अधिकार, मग पुढचा.

एक प्रसंग सांगतो. हायड्रॉलिकच्या जोडाला तेल पाझरतंय. पुस्तकात लिहिलेलं असतं, मिनिटाला इतके थेंब चालतील, त्यापुढे नाही. पोरगा टॉर्च धरून थेंब मोजतो आणि सांगतो, सर, लिमिटमध्ये आहे. बरोबर मोजलेलं असतं. पण ज्याने तो जोड दहा वेळा उघडलाय, तो बोटाने पुसतो, पुन्हा बघतो आणि म्हणतो, काल इथे ओल नव्हती, आज आहे, उद्या काय असेल? विमान थांबवा. हे पुस्तकात नसतं. आणि विमान थांबवा म्हणायला लागणारी छाती तर चौथ्या वर्षी नसतेच. समोर फ्लाइट कमांडर घड्याळ बघत उभा असतो, बाळांनो.

मिगचं इंजिन काढायचं तर मागचा अर्धा भाग ट्रॉलीवर वेगळा करायला लागायचा. तेजसला तसं नाही, ऐकलंय काम सोपं आहे. डबा बदलण्याबद्दल म्हणाल तर डबा बदलता येतो. पंखाच्या मुळाशी गेलेली बारीक चीर डब्यात नसते.

मृदुला (ठाणे पूर्व)

काका, फारच छान लिहिलंत. पण सगळे एअरमनवरच अडकलेत. मी एएफकॅटची, हवाईदलात अधिकारी व्हायच्या परीक्षेची, तयारी करतेय म्हणून पायलटांचं सांगते. कॅगच्या अहवालात आहे, फेब्रुवारी २०१५ ला ४८६ पायलट कमी होते, २०२१ च्या शेवटी ५९६. म्हणजे विमानं कमी आणि चालवणारेही कमी, आणि तूट वाढतेय. कारण शिकवायला विमानं नाहीत. पिलाटस या शिकाऊ विमानात तेलगळतीच्या तक्रारी, त्याच्या जोडीला म्हणून मार्च २०२३ मध्ये ७० एचटीटी-४० ही देशी शिकाऊ विमानं मागवली, तीही इंजिनापायी लांबली.

आणि कमी मुदतीची नोकरी म्हणजे वाईट, हे मला पटत नाही. शॉर्ट सर्व्हिसचा पायलटही १४ वर्षांच्या मुदतीचाच असतो. २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत, मोहना सिंग फायटरमध्ये गेल्या, त्या वेळी मुलींना दुसरा रस्ताच नव्हता. एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, दार कोर्टाच्या आदेशानंतर उघडलं, पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली ती मे २०२५ मध्ये. कमी मुदतीचं दार नसतं तर मधली नऊ वर्षं आम्ही नुसतं एअर शो बघत बसलो असतो.

खाडीकाठचा (ऐरोली)

मृदुलाताई, १४ आणि ४ यांना एका पारड्यात घालू नका. तुमच्या १४ वर्षांत सार्जंटसाहेबांनी सांगितलेली सही मिळून, वापरून, पुढच्याला शिकवूनही होते. पायलटांच्या तुटीचं मात्र मान्य. तो आकडा मला ठाऊक नव्हता, आणि तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो.

जुईनगर लोकल

अहो, मूळ दुखणं माणसात नाहीच. २०२१ ला जीई या अमेरिकन कंपनीकडे तेजससाठी ९९ इंजिनं मागवली, पहिलं मार्च २०२५ ला हातात. पहिली मार्क-१ए द्यायची होती मार्च २०२४ पर्यंत. हवाईदल प्रमुखांनी भर कार्यक्रमात सांगितलं की वेळेत पुरा झालेला एकही प्रकल्प आठवत नाही. तेजसला मंजुरी १९८३, पहिलं उड्डाण २००१. मंजुरीपासून आजवर माझ्या भावाचा जन्म, लग्न, मुलं, सगळं उरकलं. फिटर वीस वर्षांचा असो की चार, फिट करायला विमान तर येऊ द्या!

सरळ राफेल घ्या.

घोडबंदरवाला

सरळ? २००७ मध्ये १२६ विमानांचं टेंडर काढलं, २०१२ मध्ये राफेल निवडलं, २०१५ मध्ये ते सगळं गुंडाळून ३६ वर आलो, आणि शेवटचं विमान आलं २०२२ च्या डिसेंबरात. परदेशी खरेदीचाही वेग हाच. ओझरला तेजसची तिसरी लाइन सुरू झाली, १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथलं पहिलं विमान उडालं. आपल्या घरापासून तीन-साडेतीन तासांवर लढाऊ विमान बनतंय. त्याला वेळ द्या.

रबाळे एमआयडीसी

माझं छोटं मशीन शॉप आहे, रबाळ्यात. एका मोठ्या पुरवठादारासाठी विमानाचे ब्रॅकेट मिलिंग करून देतो, म्हणजे साखळीत मी सगळ्यात खालचा. व्यवहाराचं बोलतो. माझ्याकडे मुलगा येतो आयटीआय करून. मायक्रोमीटर धरता येतो, पण स्पॅनर वापरून झाला की जागेवर ठेवत नाही. एअर फोर्समध्ये म्हणे टूल बोर्डवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली असते. संध्याकाळी एक आकृती रिकामी दिसली तर ते अवजार सापडेपर्यंत विमान हलत नाही. चार वर्षं या शिस्तीत राहिलेला मुलगा मला द्या, मी उद्या घेतो, आणि दहा हजार जास्त देऊन घेतो. त्यामुळे ७५ टक्के वाया जातात असं म्हणू नका. दलाचं नुकसान होत असेल, पण माझ्यासारख्यांचा फायदाच आहे.

निवृत्त सार्जंट (कळवा)

टूल बोर्डाचं खरं आहे. एकदा प्लायरसाठी आम्ही रात्रभर बसलो होतो, पॅनेल पुन्हा उघडली. सापडली ती हँगरच्या दारामागे.

पण साहेब, तुमच्यासारखी दुकानं किती? नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झालाय, मुलांना वाटतं तिथे लगेच मेंटेनन्सला लागू. नागरी विमानाच्या कामावर सही करायला डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स लागतं. त्याचे पेपर वेगळे, अनुभवाची अट वेगळी. वीस वर्षं केलेल्या आमच्यातल्यांनाही अभ्यासाला बसावं लागलं. चार वर्षं करून बाहेर पडलेल्या मुलाकडे सेवानिधीचे, म्हणजे शेवटी मिळणाऱ्या एकरकमी पैशाचे, दहा लाख असतात आणि वय पंचवीसच्या आत, ही त्याची जमेची बाजू. त्याला अडवायचं कारण नाही. पण हातातली कला पूर्ण झाली असं समजून त्याने बाहेर पडू नये.

पाचपाखाडी

ठाण्यात एअर फोर्स म्हटलं की लोकांना कोलशेतच्या हवाईदल तळाची भिंत आणि त्यापायी अडलेली बिल्डिंगची उंची एवढंच आठवतं. पहिल्यांदाच या विषयावर कुणी फ्लॅटचा भाव न विचारता बोलताना दिसतंय. चालू द्या.

घोडबंदरवाला

सार्जंटसाहेब, तुमच्या लिहिण्यातूनच माझा प्रश्न निघतो. तुम्ही म्हणता निम्मं काम पोरांचं, निम्मं जाणत्यांचं. मग रचना तशीच आहे की! १०० आले, धावपळीचं काम १०० जणांनी केलं, त्यातून निवडून २५ ठेवले, ते पुढे सही करणारे झाले. पूर्वी १०० च्या १०० राहायचे, त्यातले किती जण खरंच तुम्ही सांगितलेल्या ओलीवर बोट ठेवणारे होते? प्रामाणिकपणे सांगा.

निवृत्त सार्जंट (कळवा)

प्रामाणिकपणे सांगतो. शंभरात तीस-पस्तीस. बाकीचे नेमून दिलेलं नीट करणारे, आणि थोडे सुट्टीचा अर्ज नीट लिहिणारे.

पण ते तीस-पस्तीस कोण, हे चौथ्या वर्षी कळत नाही, आठव्या-दहाव्या वर्षी कळतं. माझ्या हाताखाली एक मुलगा होता, सहा वर्षं त्याला मी डोकं धरून शिकवलं, त्यातली तीन वर्षं तो ड्रायव्हर झाला असता तर बरं असं वाटायचं. पुढे तोच बीआरडीत सगळ्यात बारीक कामाचा माणूस झाला. तुमच्या चाळणीत तो पहिल्याच फेरीत खाली पडला असता. आणि दुसरं, प्रत्येक पोराला माहीत असतं की चौघांतला एकच राहणार. मग शेजारच्याला खुबी सांगेल का? आमच्याकडे विद्या अशीच पुढे जायची, चहाच्या वेळी, एकमेकांच्या चुका सांगत.

मृदुला (ठाणे पूर्व)

मग टेक्निकल ट्रेडला वेगळा नियम करा ना. तिथे ७५ ठेवा, बाकी ठिकाणी २५. सगळ्यांना एकच फूटपट्टी कशाला?

घोडबंदरवाला

७५ म्हणजे जुनीच योजना नवीन युनिफॉर्ममध्ये. ५० पर्यंत मी येतो, तेही लढाऊ विमानांच्या आणि रडारच्या ट्रेडपुरतं. पहिली तुकडी डिसेंबर २०२२ च्या शेवटी आत गेली, म्हणजे २०२६ संपताना तिची चार वर्षं भरतात. त्या तुकडीतले किती ठेवले आणि कुठल्या ट्रेडमधले, ते बघू. तोवर योजना फसली म्हणणं घाईचं आहे.

खाडीकाठचा (ऐरोली)

५० वर आलात, आनंद आहे. पण बघू म्हणून थांबायला मी तयार नाही. तुकडी एकदा बाहेर पडली की तिला परत बोलावता येत नाही, आणि १८० तेजस उतरायला लागतील तेव्हा सहा-सात वर्षं मुरलेले हात आजच भरती झालेले असायला हवेत. भाच्याने फॉर्म भरला, त्याला मी अडवलं नाही. तुमचा ५० टक्क्यांचा नियम त्याच्या तुकडीला लागू होईल की नंतरच्या, एवढं सांगा.

घोडबंदरवाला

ते मी कसं सांगणार? मी घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्ये आहे.