जेनेसिसचा 'सेकंड्स आउट' आधी ऐकू की स्टुडिओ अल्बम?

टिळकवाडीकर:
पिंक फ्लॉइड ऐकून झालं, आता जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडकडं वळालोय. १९७७ चा 'सेकंड्स आउट' हा लाइव्ह अल्बम आधी घेतला तर चालतंय काय? जुना गायक पीटर गॅब्रिएल नाही त्यात, मग जुनी गाणी फिकी पडत्यात का, खरं सांगा.

खानापूरचा_पाऊस:
बिनधास्त घे की. गॅब्रिएल १९७५ ला बाहेर पडला आणि ड्रमर फिल कॉलिन्स गायला लागला, म्हणून स्टेजवर ड्रमला चेस्टर थॉम्पसन आला, पण नुसती वाद्यं वाजायला लागली की कॉलिन्स पण ड्रमवर जाऊन बसतोय आणि दोघं मिळून जे काय वाजवत्यात ना, 'लॉस एंडोस' ही धून हेडफोन लावूनच ऐक. 'सिनेमा शो' गाण्याचं रेकॉर्डिंग तेवढं १९७६ चं आहे, त्यात ड्रमला बिल ब्रुफर्ड.

निपाणीकर:
मला नाही पटत बा. गॅब्रिएलचा तो नाटकी आवाज पाहिजेच, आधी १९७३ चा 'जेनेसिस लाइव्ह' ऐक.

खानापूरचा_पाऊस:
होय, पण त्यात 'सपर्स रेडी' हे लांबलचक गाणं कुठाय? 'सेकंड्स आउट'मध्ये पूर्ण आहे, जवळपास २४ मिनिटं. कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, बड्या ख्यालाला बसायची सवय असलेल्यांना एवढा वेळ काहीच नाही. शेवटाकडं नऊ मात्रांचा तुकडा येतोय, खाली बास-ड्रम नऊ धरून आणि वर टोनी बँक्सचा ऑर्गन मोकळा सुटलेला. बोटावर मोजत ऐक, सम कुठं येते ते कळालं की अंगावर काटा येतोय.

टिळकवाडीकर:
झालं, आज रात्री लावतोय.