मदत हवी आहे: 1975 ते 1992 मधले कोरियन संगीत

आजच्या आयडॉल गटांच्या मागे जाऊन कोरियन लोकप्रिय संगीताचे जुने प्रकार मी क्रमाने ऐकत आहे. ली मी-जा यांचे ट्रॉट (कोरियातील जुनी लोकप्रिय गायनशैली) आणि अमेरिकी लष्करी तळांवर गिटार वाजवून पुढे आलेल्या शिन जुंग-ह्यन यांचे रॉक ऐकून झाले; परंतु 1975 मध्ये सरकारने अनेक गाण्यांवर घातलेल्या बंदीपासून 1992 मध्ये आलेल्या सो ताईजी अँड बॉइज या गटापर्यंतचा दुवा जुळत नाही. सानुल्लिम या रॉक बँडचा 1977 चा पहिला अल्बम (त्यातली गिटार विलक्षण खरखरीत आहे) आणि बॅलड (संथ, भावपूर्ण गाणी) गाणारे यू जे-हा यांचा 1987 चा एकमेव अल्बम ऐकला आहे, त्यामुळे ते कृपया सुचवू नयेत. मला हंगुल (कोरियन लिपी) वाचता येत नाही आणि संकलनांऐवजी पूर्ण अल्बम हवे आहेत. या दोन अल्बमांच्या दरम्यान रॉककडून बॅलडकडे झालेले वळण नेमके कोणत्या दोन-तीन अल्बमांत स्पष्ट ऐकू येते?